बसलेली मुलगी

नंदाखालच्या अँजेलिनाच्या घरी पाहुणा कधीही येवो, थोरली पॉलिन त्याला बसलेलीच दिसायची. आतल्या खोलीच्या दाराशी अँजेलिनाच्या लग्नातली शिसवी पेटी होती. त्या पेटीवर पॉलिन, मांडीवर सुपात मोगऱ्याच्या कळ्या, बोटांत सुईदोरा आणि झगा असा पसरलेला की जमिनीला टेकावा. पाहुणा म्हणायचा, "काय गुणाची पोर! हातातलं काम काही सोडत नाही." चहा पिऊन, गप्पा मारून तो निघायचा, तरी पॉलिन तशीच. फाटकाबाहेर पडून तो केळीच्या वाडीआड दिसेनासा झाला की मग अँजेलिना दाराआडची काठी काढून लेकीच्या हातात द्यायची.

"ऊठ आता. तेर्साची वेळ झाली, जपमाळ घे."

पॉलिन तीन वर्षांची असताना तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना डावा पाय घेऊन गेला. तेव्हापासूनची ही रीत. बाप सॅन्टन होता तोवर कधीतरी कुरकुरायचा, "पोरीला काय मूर्ती करून बसवतेस?" अँजेलिना म्हणायची, "तुम्ही वाडीचं बघा. घराची अब्रू माझ्याकडे आहे." सॅन्टन गेला, आणि मग विचारणारंच कुणी उरलं नाही.

गावाला काय, सगळं ठाऊक होतं. गावाची अँजेलिनाला फिकीर नव्हती. प्रत्येक घराचं काही ना काही तिलाही ठाऊक होतं, आणि जीभ अशी की कुणी पॉलिनच्या पायाचं नाव काढलंच, तर ती त्याच्या पणज्यापर्यंत जाऊन यायची. भीती होती ती गावाबाहेरच्यांची. गिरीज, निर्मळ, आगाशी, जिथून सोयरिकी येतात तिथल्यांची. धाकटी फ्लॉसी लग्नाची होती. एका घरात एक पाय अधू निघाला की लोक दुसरीचेही पाय बघतात, असं अँजेलिनाचं गणित. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. देवळातल्या मिस्सालासुद्धा पॉलिन पहाटेच्या वेळी, शेवटच्या बाकावर. सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, सगळे गेल्यावर उठायची. तिच्या पाठीमागे देवळाची भिंत, आणि पुढे बघावं तर नुसत्या लोकांच्या पाठी.

एक्याऐंशी साल हे अपंगांचं वर्ष होतं. रेडिओवर रोज काहीतरी सांगत. नाताळच्या जरा आधी कॉन्व्हेंटातली सिस्टर सुझान घरी आली आणि पॉलिनशी बोलत बसली. सिस्टर गेल्यावर पॉलिन चुलीपाशी आली. अँजेलिना विळीवर बोंबील साफ करत होती.

"आय, तुळिंजला नवे गाळे झालेत ना, तिथं बॉलपेनाचा कारखाना आहे. मला नोकरी मिळेल, सिस्टर म्हणते. सरकारची योजना आहे. पहिले सहा महिने अर्धा पगार सरकार भरणार."

अँजेलिनानं मान वर केली. "अर्धा का? तू काय अर्धी पोरगी आहेस?"

"मालकाला भीती वाटू नये म्हणून गो. मला शिकवायला बाईपण सरकारच देणार. पुढं सगळा पगार मालकाचा, बाकीच्या मुलींना जेवढा तेवढाच."

"आणि बसवणार कुठं? त्या मुंबईच्या आश्रमातल्यासारखं वेगळ्या खोलीत, मेणबत्त्या वळायला?"

"नाही. त्यांच्याच टेबलावर. एका बाजूला एक मुलगी, दुसऱ्या बाजूला दुसरी. मधे मी."

ते 'मधे मी' तिनं असं म्हटलं की अँजेलिनाचा हात विळीवर थांबला. पोरीचा असा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. पण थांबलेला हात तिनं लगेच चालू केला.

"आपल्या घराण्यात सरकारचं फुकट कुणी खाल्लेलं नाही."

"फुकट कुठलं? काम मी करणार ना?"

"आय, जाऊ दे ना तिला," फ्लॉसी मागून म्हणाली. "बसपर्यंत मी सोडीन. मला पेनं फुकट."

"तू तुझ्या लग्नाचं बघ," अँजेलिना म्हणाली. पण नाही असं ती म्हणाली नाही, आणि त्या घरात आयनं नाही म्हटलं नाही म्हणजे हो.

सिस्टर सुझान पॉलिनला ठाण्याच्या कचेरीत घेऊन गेली, मग तुळिंजला. मालकानं तिला पेनाचे सुटे भाग जुळवायला दिले. मोगऱ्याच्या देठाला न दुखवता सुई घालणारी बोटं ती, त्यांना स्प्रिंग काय आणि रिफिल काय! मालक हो म्हणाला. आता एकच राहिलं होतं. सरकारी मॅडम घरी येऊन बघणार होती. पोरगी कशी चालते, वाट कशी आहे, बस चढता येते का, तीनचाकी गाडी द्यावी लागेल का. मॅडमनं बघून हो म्हटलं की नोकरी पक्की. पण हे मार्च संपायच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर त्या वर्षीचा पैसा परत.

फ्लॉसीनं आगाशीच्या बाजारातून बहिणीसाठी दोन कप्प्यांचा डबा आणला. पॉलिन तो रोज राखेनं घासायची. "अगो, अजून त्यात भात पडला नाही आणि तू त्याला झिजवून टाकशील," फ्लॉसी चिडवायची. पॉलिन हसायची. दुपारी वाडीत कुणी नसलं की ती काठी घेऊन पाण्यानं भरलेल्या बावखलाच्या काठाकाठानं फेऱ्या घालायची. बस चढायचा सराव म्हणून पंपाच्या ओट्यावर चढायची, उतरायची. अँजेलिना केळीआडून बघायची. एकदा पोरगी ओट्यावरून घसरली, पडली, आणि आपली आपण उठून परत चढली. अँजेलिनानं हाक मारली नाही. त्या दिवशी पॉलिनच्या ताटात मात्र बोंबील जास्त पडले.

आणि नेमकी त्याच दिवसांत, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, फ्लॉसीची सोयरीक चालून आली. गिरीजचा मायकल, मुंबईला कंपनीत कामाला, स्वभावानं गरीब, व्यसन नाही. सोयरीक बघणारी त्याची आत्या रोझलिन. रोझलिन पाहुणी म्हणून एखाद्या घरी गेली की कौलं किती फुटलीत तेही सांगू शकायची. मायकलची सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवार ठरला.

"तुझी ती मॅडम गुरुवारी नाही ना टपकायची?" अँजेलिनानं विचारलं.

"माहीत नाही आय. त्या कळवून येत नाहीत."

"आली तर बघू. आधी फ्लॉसीचं होऊ दे. मग तुला काय हवं ते कर, नाच हवं तर."

गुरुवारी दुपारी रोझलिन, मायकल आणि मायकलची आई ओटीवर येऊन बसले. अँजेलिनानं ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. पाहुण्यांपुढे सुकेळी ठेवली होती, घरचीच राजेळी केळी वाळवून केलेली. पॉलिन पेटीवर, झगा पसरून, सुपात कळ्या घेऊन. रोझलिननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा झग्याच्या कडेकडे, आणि सुकेळीचा तुकडा तोडला.

"गोडी आहे हो तुमच्या वाडीला."

"वाडीला आहे. माझ्या जिभेची गोडी मात्र नवऱ्याबरोबर गेली," अँजेलिना म्हणाली, आणि सगळे हसले. बोलणं चांगलं चाललं होतं. आत फ्लॉसी कपात चहा ओतत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. छत्री, खांद्याला कापडी पिशवी, सुती साडी, उन्हानं तांबडा झालेला चेहरा. ओटीच्या पायरीशी येऊन त्या बाईनं विचारलं, "पॉलिन लोपीस इथंच राहते ना? ती अपंग मुलगी? मी ठाण्याहून आले."

ओटीवरचं हसू जागच्या जागी विरलं. अँजेलिनाला वाटलं, कुणीतरी आपलं लुगडं भर बाजारात ओढलं. ती उठून उभी राहिली.

"घर चुकलात, बाई. इथं तशी कुणी नाही."

"पत्ता तर हाच सांगितला. फाटकाशी चिंच, बाजूला बावखल."

"नंदाखालात चिंचा काय कमी आहेत? आणि बावखल तर घराघराला. माझ्या घरात तशी मुलगी नाही, सांगितलं ना."

हे बोलताना तिच्या मनात एकच हिशेब होता. सरकार कुठं पळून जात नाही. आज गेलं तर उद्या येईल, उद्या नाही तर पुढच्या आठवड्यात. सरकारी माणसाला काय, येण्याचाच पगार असतो. पण आलेलं स्थळ एकदा पायरी उतरून गेलं की परत चढत नाही. आयुष्यभर पाहिलेलंच ती विचारात घेत होती. सरकार कसं असतं ते तिनं कुठं पाहिलं होतं?

मॅडमची नजर आत गेली, पेटीवर बसलेल्या मुलीवर. बराच वेळ ती तिथंच राहिली.

"तू ओळखतेस का गं पॉलिनला?"

पॉलिनचा उजवा हात पेटीच्या कडेवर गेला. उठायच्या आधी ती असाच हात टेकवायची, हे अँजेलिनाएवढं कुणाला ठाऊक? नुसतं उठायचं होतं. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. दोन पावलं टाकली असती तरी मॅडमला हवं ते सगळं दिसलं असतं. त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन फ्लॉसी दारात आली, नवं पोलकं, केसांत बहिणीनं ओवलेली वेणी. बशा किणकिणत होत्या. पॉलिननं बहिणीकडे पाहिलं. मग पेटीच्या कडेवरचा हात उचलून परत सुपात ठेवला.

"ती इथं नाही राहत, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनं मान हलवली. "बरं. उन्हातून आले. पाणी मिळेल का थोडं?"

अँजेलिनानं तांब्याभर पाणी दिलं, वर सुकेळीचा तुकडाही दिला. पाहुण्याला उपाशी पाठवायची त्या घराची रीत नव्हती. मॅडम पाणी पिऊन निघून गेली. तिची छत्री वाडीच्या वाटेवर केळीच्या पानांमधून दिसत राहिली, आणि पॉलिन मान खाली घालून कळ्या ओवत राहिली.

"सरकारी माणसं," अँजेलिना म्हणाली, "घरं चुकायचाच पगार घेतात." रोझलिन हसली नाही. "हं," म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

पाहुणे खूश होऊन गेले. अँजेलिनानं काठी काढून लेकीला दिली. "ती येईल गो परत," ती म्हणाली. "सरकारचं काम एका खेपेत कधी झालंय?"

"हो आय," पॉलिन म्हणाली.

फ्लॉसी चुलीमागे जाऊन रडली. "माझ्यासाठी का गप्प बसलीस?" असं तिनं बहिणीला दहादा विचारलं. पॉलिननं तिच्या केसांतली वेणी काढून पाण्यात ठेवली, उद्याला राहावी म्हणून.

मॅडम परत आली नाही. सिस्टर सुझानला उशिरा कळलं. कळल्यावर ती ठाण्याला धावली, पण तोवर मॅडमनं 'दिलेल्या पत्त्यावर अशी मुलगी राहत नाही' असं सांगून टाकलं होतं, आणि पैसा परत जाऊ नये म्हणून कामणच्या एका मुलीला त्या जागेवर घेतलं होतं. सिस्टर अँजेलिनाला काही बोलली नाही. तिनं नुसतं पाहिलं. बोलली असती तर अँजेलिनाला उत्तर देता आलं असतं.

ईस्टर झाल्यावर रोझलिन तारीख ठरवायला एकटीच आली. मे महिना ठरला, बँड ठरला, जेवणावळ ठरली. सगळं झाल्यावर तिनं पान लावत पेटीकडे मान केली.

"अँजेलिनाबाय, त्या पोरीला उठव की आता. किती वेळ बसवतेस? पाय आखडला असेल तिचा."

अँजेलिना चटकन म्हणाली, "कुणाचा पाय?"

"अगो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? तुमच्या गावच्या चार मुली आमच्या गिरीजला नांदतात. मायकलला मी आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, आत्या, मला फ्लॉसी पाहिजे, तिच्या बहिणीचा पाय मला काय करायचाय?" पान तोंडात घालून ती पॉलिनकडे वळली. "त्या दिवशी ती सरकारी बाई आली ना, तेव्हा मी वाटच बघत होते. म्हटलं, आता ही पोर उठेल. का गो नाही उठलीस?"

पॉलिन ओवत राहिली. दोरा संपला होता, तरी तिची सुई चालूच होती.

"मग तू का नाही बोललीस?" अँजेलिनाचा आवाज फाटला.

"तुझ्या ओटीवर बसून तुला खोटी पाडू? तोंडाळ आहे मी, पण एवढी नाही."

रोझलिन गेल्यावर अँजेलिना काठी काढायला विसरली. पॉलिननंही ती मागितली नाही. संध्याकाळी फ्लॉसी वाडीतून आली, तेव्हा थोरली पेटीवर आणि आय ओटीवर, दोघी तशाच बसलेल्या होत्या.

सिस्टर सुझानकडून एवढं कळलं की मॅडम महिन्यातून एकदा त्या कारखान्यात चक्कर मारते. त्या दिवशी अँजेलिना लाल लुगडं नेसून, सुकेळी बांधून एकटीच तुळिंजला गेली. गाळ्यांची वाट तिला ठाऊक नव्हती. विचारत विचारत गेली. जन्मात कुणाला वाट न विचारलेली बाई ती.

गाळ्याचं दार उघडं होतं. आत लांब टेबल, मुली दोन्हीकडे, पुढ्यात पेनांचे ढीग. मधोमध एक सावळी मुलगी, तिच्या खुर्चीला कुबडी टेकवलेली, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारची तिच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी खिदळल्या. मग चहाची वेळ झाली, तशा सगळ्या उठल्या. तीही उठली, कुबडी काखेत घेऊन, आणि मुलींच्या घोळक्यात टकटक करत बाहेर आली. कुणी तिच्यासाठी थांबलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. अँजेलिना मात्र बघत राहिली, ती दिसेनाशी होईपर्यंत.

मॅडम बाहेर आली. "ओळखलंत का?" अँजेलिनानं विचारलं.

"नंदाखालच्या ना तुम्ही? पाणी दिलं होतंत."

"मी खोटं बोलले, बाई. ती माझीच मुलगी. पेटीवर बसलेली." आणि मग भर रस्त्यात, चहा पिणाऱ्या मुलींसमोर, गाळ्यांतल्या माणसांसमोर, वीस वर्षं तोंडातून न काढलेला शब्द तिनं काढला. "माझी मुलगी लंगडी आहे. लंगडी आहे हो! तिला ही जागा द्या."

मॅडमनं तिचा हात धरला, सावलीत नेलं. रागावली असती तर अँजेलिनाला बरं वाटलं असतं.

"जागा भरली, आई. दर वर्षी पैसा वरून मंजूर होऊन येतो. पुढच्या वर्षी योजना राहील की नाही, आज मी सांगू शकत नाही. राहिली तर मी नक्की बघेन. पण तेव्हा तिनं स्वतः येऊन सांगायला हवं. मी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

"मी नाही म्हणाले होते. ती नाही."

"मला दोघींचं ऐकू आलं," मॅडम हळूच म्हणाली.

घरी येऊन अँजेलिनानं सगळं सांगितलं. जमेल तसं, मोडकं तोडकं. "पुढच्या साली जाऊ या. मी येते तुझ्याबरोबर. दोघी जाऊ."

पॉलिन ऐकत होती. दोन कप्प्यांचा डबा आता सुया-दोऱ्यांचा झाला होता. तिनं तो बंद केला. "बघू आय," म्हणाली. तिचा तो बावखलाकाठचा फेरा ईस्टरच्या आधीच थांबला होता. पंपाच्या ओट्यावर शेवाळ आलं होतं, पाऊल ठेवलं तर निसरावं असं.

मे महिन्यात लग्न झालं. सकाळी देवळात निघायच्या आधी दारातल्या मांडवात सगळे जमले. गिरीजचे, निर्मळचे, आगाशीचे. नवरीनं गुडघे टेकून घरच्यांचे आशीर्वाद घ्यायचे आणि थोरल्या बहिणीनं तिच्या डोक्यावर वेणी घालायची, मग बँड वाजायचा. वेणी पॉलिननं आदल्या दिवशी ओवून ठेवली होती. ती नव्या गुलाबी झग्यात पेटीवर बसली होती, झगा पसरून. आज तिला कुणीही बसवलेलं नव्हतं. पाहुणे यायच्या आधी ती आपणहून येऊन बसली होती.

अँजेलिनानं दाराआडची काठी काढली. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती लपवून न नेता, उंच धरून, मांडवाच्या मध्यावर आली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली.

"पॉलिन," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "ऊठ गो माय. वेणी तू घाल तिला. चालत ये. सगळ्यांसमोरून ये."

पॉलिननं आयकडे पाहिलं. मग काठीकडे. मग मांडवभर माणसांकडे, ज्यांच्या तिनं आजवर पाठीच पाहिल्या होत्या. तिचा उजवा हात पेटीच्या कडेवर गेला. मांडवात सगळे वाट बघत होते.

हात परत मांडीवर आला.

"आय," पॉलिन म्हणाली, अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात, "फ्लॉसीलाच इकडं पाठव. मी इथूनच घालते."

फ्लॉसी धावत आत गेली, पांढऱ्याशुभ्र गाऊनसकट पेटीसमोर बसली आणि बहिणीच्या मांडीत डोकं घातलं. पॉलिननं तिचं डोकं दोन्ही हातांनी वर केलं, वेणी नीट बसवली, एक कळी सरळ केली. बाहेर बँड सुरू झाला. माणसं हलली, फाटकाकडे निघाली. रोझलिन जाता जाता अँजेलिनाच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

अँजेलिना मांडवात काठी धरून उभीच होती. ती परत दाराआड ठेवायला तिचा हात होईना, आणि दुसरी कुठली जागा त्या घरात काठीला कधी दिलेलीच नव्हती.